प्रादेशिक सेनेचे दार आणि आंबेडकरी तरुणांचा हुन्नर

नोव्हेंबर 2024 मध्ये कोल्हापूर आणि बेळगाव येथे प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या भरतीचे मेळावे झाले. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून तरुणांच्या झुंडी तिकडे लोटल्या. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तर कायमचे दुष्काळी तालुके. तिथल्या पोरांना पहाटेच्या अंधारात एक मैल धावणे नवे नाही. वर्तमानपत्रांनी गर्दीची छायाचित्रे छापली, बेरोजगारीवर चार ओळी लिहिल्या आणि विषय संपवला. या गर्दीत आपल्या समाजाचे तरुण किती होते, ते कोणत्या ट्रेडसाठी रांगेत उभे होते आणि निवड झालेल्यांच्या हाताला पुढे कोणते काम शिकवले जाणार आहे, हे प्रश्न मात्र कोणी विचारले नाहीत. आम्हाला ते विचारणे अगत्याचे वाटते.

प्रथम ही सेना काय आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण याबाबत आपल्या वस्त्यांत मोठे गैरसमज आहेत. 1948 च्या कायद्याने प्रादेशिक सेना निर्माण झाली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. ही अर्धवेळ सैनिकांची सेना आहे. आपला नोकरीधंदा सांभाळून वर्षातून ठरावीक काळ, पायदळाच्या तुकड्यांत साधारण दोन महिने, प्रशिक्षण घ्यायचे आणि देशाला गरज पडेल तेव्हा वर्दी चढवून हजर व्हायचे, अशी तिची रचना आहे. प्रशिक्षणाच्या आणि बोलावणीच्या काळात नियमित सैनिकाप्रमाणे पगार मिळतो, एरवी मिळत नाही. कोल्हापूरला मराठा लाईट इन्फंट्रीशी जोडलेली 109 वी बटालियन आहे, बेळगावला महार रेजिमेंटशी जोडलेली 115 वी आहे. सातारा-सांगलीच्या मुलाला जवळची दारे हीच.

आता या दारावरची पाटी वाचा. प्रादेशिक सेना हा पोटापाण्याचा व्यवसाय नाही, ज्याला आधीच उत्पन्नाचे साधन आहे त्यानेच इथे यावे, असे ही सेना स्वतःच सांगते. म्हणजे सेना मागते नोकरी असलेला माणूस आणि मैदानावर येतो तो नोकरी नसलेला. ही विसंगती वरवरची नाही. ज्याच्या घरी पाच एकर बागायत आहे, भावकीत दुकान आहे, त्याला दोन महिन्यांची वर्दी म्हणजे मानाचा तुरा. ज्याच्या घरी मोडलेल्या वतनाचा चार गुंठ्यांचा तुकडा आणि आईची रोजंदारी आहे, त्याला उरलेले दहा महिने काय करायचे हा प्रश्न आहे. आमच्या मते आपल्या तरुणांनी प्रादेशिक सेनेचा विचार या दहा महिन्यांपासून सुरू केला पाहिजे.

ही सेना कागदावरच असते, असेही कोणी समजू नये. 6 मे 2025 रोजी केंद्र सरकारने आदेश काढून लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्यास व जवानास बोलावून घेण्याचे अधिकार दिले. एकूण 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन प्रत्यक्ष सेवेत घेण्यास मान्यता दिली. हा आदेश 10 फेब्रुवारी 2025 ते 9 फेब्रुवारी 2028 या तीन वर्षांसाठीचा आहे. दोन महिन्यांचा करार समजून गेलेल्या माणसाला तीन वर्षे बाहेर राहावे लागू शकते, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. भरतीच्या जाहिरातीत बहुतेक जागा सोल्जर जनरल ड्युटीच्या असतात. त्यांच्या खाली थोड्या क्लार्कच्या आणि मग ट्रेड्समनच्या जागांचा तक्ता येतो. शेफ, स्टुअर्ड, टेलर, वॉशरमन, हेअर ड्रेसर, इक्विपमेंट रिपेअरर, लाकूडकाम आणि धातुकामाचे कारागीर, मेस कीपर, हाऊस कीपर असे ते ट्रेड. इंग्रजी नावे गोड आहेत, पण ज्यांनी गावगाडा पाहिला आहे त्यांना या तक्त्यात बलुत्यांची यादी ओळखू येईल. धोब्याचे काम, न्हाव्याचे काम, चामड्याचे काम, सुताराचे, शिंप्याचे, लोहाराचे, आणि सगळ्यात खाली सफाईचे. शिक्षणाची अटही उतरंडीने जाते. क्लार्कला बारावीला साठ टक्के लागतात, इतर ट्रेडना दहावी, आणि मेस कीपर व हाऊस कीपर या दोघांना आठवी पुरते. कोणत्या समाजाची मुले आठवीला गळतात, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

कोणी म्हणेल, ट्रेड कुणालाही खुला आहे, ब्राह्मणाचा मुलगाही हाऊस कीपर होऊ शकतो. होऊ शकतो, जरूर होऊ शकतो! प्रश्न होण्याचा नाही, होतो का याचा आहे. भरतीला येताना मुलाकडून जातीचा दाखला मागतात. लष्करात आरक्षण नाही, मग हा दाखला कशासाठी? 2013 साली सर्वोच्च न्यायालयात लष्कराने प्रतिज्ञापत्र दिले की भरती जातीवर होत नाही, काही रेजिमेंटमध्ये सामाजिक व भाषिक साम्य असलेले गट ठेवले जातात ते प्रशासनाच्या सोयीसाठी. ठीक आहे, तसे मानू. मग शासनाने एवढेच करावे की गेल्या दहा वर्षांत प्रत्येक ट्रेडमध्ये अनुसूचित जातींचे किती जवान घेतले, याचा तक्ता लोकांसमोर ठेवावा. दाखले तर त्यांच्याकडे जमा आहेत. लष्कराला आरक्षणातून वगळा असे घटनेत कुठे लिहिलेले नाही, ते सरकारचे धोरण आहे. त्याच संरक्षण खात्याच्या वर्कशॉपमध्ये आणि डेपोत नागरी फिटर म्हणून लागणाऱ्या कामगाराला आरक्षण लागू होते. एकाच भिंतीच्या आत, एकाच गाडीच्या इंजिनावर काम करणाऱ्या दोघांना दोन नियम.

साताऱ्याच्या मातीत हा प्रश्न आजचा नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैनिक होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते सैन्यात काय काम करीत होते? ते लष्करी शाळेत शिक्षक होते, चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. पलटणीच्या गरजेसाठी काढलेल्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांना शिक्षकाचे प्रशिक्षण मिळाले. आजच्या भाषेत सांगायचे तर तो सहायक शाखेतला ट्रेड. रायफलीने पेन्शन दिली असती, पण त्या घराला पुस्तके दिली ती या ट्रेडने. निवृत्तीनंतर सुभेदार साताऱ्यास आले आणि खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर झाले, कारण हिशेब आणि लिहिणे हातात होते. वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांना मसूर स्टेशनवरून गाडीवान मिळेना, तो प्रवास याच गोरेगावचा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचे नाव दाखल झाले, त्यामागे लष्करात शिकलेला एक हुन्नर उभा होता. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांचा गौरव जिल्ह्यात नेहमी होतो, आणि व्हावा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. पण जिल्ह्याच्या लष्करी इतिहासात या शिक्षक-सुभेदाराचे स्थान कोणी सांगत नाही.

पुढे 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. तेव्हापासून गोपाळबाबा वलंगकरांचे अर्ज, 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांचे भारतमंत्र्यांना निवेदन, 1917 ची 111 वी महार पलटण आणि 1921 साली तिची बरखास्ती, शेवटी 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंटची उभारणी, हा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. तो दार उघडण्याचा लढा होता. दार उघडल्यावर आत कोणत्या खोलीत जागा मिळते, याचा लढा बाबासाहेबांनी त्याच वर्षांत सुरू केला होता, आणि त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे असे आम्हाला वाटते. 1942 च्या जुलैत ते मजूरमंत्री झाले. युद्धासाठी फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन तयार करणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना आणि कामगारांना ब्रिटनमध्ये पाठवून शिकवणारी बेव्हिन योजना त्यांच्या खात्याकडे होती. 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले की निव्वळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण मिळाले पाहिजे. 1945 साली, ते मजूरमंत्री असतानाच, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी एक महासंचालनालय निघाले. तेच पुढे रोजगार व प्रशिक्षण महासंचालनालय झाले आणि त्याच्याच देखरेखीखाली देशभर आयटीआय उभ्या राहिल्या. म्हणजे साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आयटीआयच्या फाटकातून आत जाणारा मुलगा ज्या व्यवस्थेत शिकतो, तिची मुळे सैनिकाच्या हाताला काम देण्याच्या विचारात आहेत. आयटीआय आणि प्रादेशिक सेना या दोन गोष्टी आज एकमेकींना ओळखत नाहीत, हे नवल आहे.

तांत्रिक ट्रेड प्रादेशिक सेनेत नाहीतच, असे मात्र नाही. ते खातेनिहाय तुकड्यांत आहेत. रेल्वे, तेल कंपन्या, आरोग्य सेवा यांच्या तुकड्या वेगळ्या उभारल्या गेल्या. तिथे इंजिन चालवणारा, रूळ दुरुस्त करणारा, पाइपलाइन सांभाळणारा, शुश्रूषा करणारा माणूस आपल्या रोजच्या कामाचेच लष्करी प्रशिक्षण घेतो. हा खरा हुन्नराचा रस्ता. पण तिथे प्रवेश त्या त्या खात्याच्या कर्मचाऱ्यालाच मिळतो. मिरज जंक्शनच्या आजूबाजूला वाढलेला, डिझेल मेकॅनिक झालेला आपला मुलगा रेल्वेत नसेल तर त्याच्यासाठी ते दार बंद. रेल्वेत राखीव जागांचा अनुशेष राहिला, जागा गोठवल्या, कामे ठेकेदाराकडे गेली, की त्याच्या मागून हेही दार आपोआप बंद होते. ठेकेदाराचा कामगार खात्याचा कर्मचारी नसतो. खासगीकरणाने आपली नोकरी गेली हे आपण मोर्चात ओरडून सांगतो. त्याच्याबरोबर ही छोटी वाटही गेली, हे आपल्या निवेदनांत कुठे दिसत नाही. (रेल्वेच्या या अर्धवेळ सैनिकांना 1974 च्या संपात गाड्या चालवायला लावले होते, हेही कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. 7 नोव्हेंबर 1938 चा संप उभारणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तर विशेष. वर्दीतले कौशल्य कोणाविरुद्ध वापरले जाईल, हे कारागिराच्या हातात नसते.)

सरकारला हवे तेव्हा हाक मारायची आणि हाक आली की निघायचे, ही गोष्ट आपल्या समाजाला नवीन नाही. महार वतन दुसरे काय होते? चोवीस तास, घरातला कोणीही, कोणत्याही कामाला. आणि मोबदला तुटपुंजा. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांची मागणी हीच होती की काम ठरवा, वेळ ठरवा, मोबदला ठरवा. प्रादेशिक सेना म्हणजे वतन असे आमचे म्हणणे नाही. तिथे पगार आहे, मान आहे, कायदा आहे. त्या कायद्यात बोलावून घेतलेल्या माणसाला त्याच्या मालकाने परत कामावर घ्यावे अशी तरतूदही आहे. पण ती तरतूद मालक असलेल्यांसाठी. ऊसतोडीला जाणाऱ्याला किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत हजेरीवर काम करणाऱ्याला कोणता मुकादम जागा राखून ठेवणार?

पेन्शनचा हिशेबही तरुणांनी नीट समजून घ्यावा. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची प्रत्यक्ष सेवा लागते, आणि घरी बसलेले महिने त्यात धरत नाहीत. माजी सैनिक म्हणून मान्यता मिळते ती सलग प्रत्यक्ष सेवेची पेन्शन मिळालेल्यांना, लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्यांना आणि शौर्यपदक विजेत्यांना. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. दहा वर्षे शिबिरे केलेला, पण पेन्शनपर्यंत न पोहोचलेला जवान त्यात बसत नाही. अकॅडमीवाले हे सांगत नाहीत. त्यांची फी धावण्याची असते.

म्हणूनच आम्ही म्हणतो की अर्धवेळ सैनिकाची खरी कमाई त्याच्या ट्रेडमध्ये आहे. जनरल ड्युटीचा जवान शिबिरातून परत येतो तेव्हा त्याला गावात मिळू शकते ते सुरक्षारक्षकाचे काम. उत्तम स्वयंपाक, शिवणकाम किंवा धातुकाम शिकलेला परत येतो तेव्हा त्याच्या हाताला बाजारात भाव असतो. मिरजेच्या दवाखान्यांत, तासगावच्या द्राक्षांच्या शीतगृहांत, साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये, किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी कुशल हाताला मागणी आहे. अट एकच की त्याच्याकडे दाखला असला पाहिजे. अग्निपथ योजना 2022 च्या जूनमध्ये आली तेव्हा चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला कौशल्याचा दाखला मिळेल असे सरकारने जाहीर केले. त्या योजनेवर आमचे आक्षेप कायम आहेत, शंभरातल्या पंचाहत्तर मुलांना घरी पाठवणे हा रोजगार नव्हे. पण दाखल्याचे तत्त्व मान्य झाले ना? मग तेच प्रादेशिक सेनेच्या ट्रेड्समनला लागू करा. दर वर्षीच्या प्रशिक्षणानंतर त्याच्या कामाची परीक्षा घ्या, पूर्वकौशल्यास मान्यता देण्याची जी पद्धत केंद्र सरकारने स्वीकारली आहे तिच्यातून राष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र द्या. शेफला हॉटेलात आणि धातुकारागिराला कारखान्यात ते दाखवता आले पाहिजे.

आणि हाऊस कीपरला? खरी गोम तिथे आहे. सफाईचा ट्रेड घेऊन गेलेल्या मुलाला दाखला दिला तरी तो सफाईचाच दाखला. त्याला दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या ट्रेडची परीक्षा देण्याचा हक्क हवा. प्लंबिंग, जलशुद्धीकरण, पंप दुरुस्ती, निर्जंतुकीकरण ही कामे त्याच्या कामाला लागूनच आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. 2021 ला पुन्हा पाणी चढले. पाणी ओसरल्यावर शहरातला गाळ कोणी उपसला? कुजलेली जनावरे कोणी उचलली? ती माणसे कोण होती हे सांगलीला ठाऊक आहे. त्यांच्या हाती बोट चालवण्याचे, पंप लावण्याचे, पाणी तपासण्याचे शिक्षण असते, अंगावर संरक्षक पोशाख असता आणि नावापुढे एक ट्रेड असता, तर तीच माणसे पूरनिवारणाची तज्ज्ञ ठरली असती. पूर कृष्णेला पुन्हा येणारच आहे. पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रादेशिक सेनेने अशा ट्रेडची एखादी तुकडी उभारावी आणि तिच्यात पालिकेच्या सफाई कामगारांना प्राधान्य द्यावे, अशी मागणी सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत का करू नये?

मुलींचा विषय तर मेळाव्याच्या जाहिरातीत नसतोच. प्रादेशिक सेनेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिला. मिरजेच्या दवाखान्यांत राबणाऱ्या आपल्या परिचारिका मुलींनी तो निकाल माहीत करून घ्यावा.

बार्टीमार्फत अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी पोलीस आणि लष्कर भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे. ती मैदानापुरती राहू नये. ट्रेड टेस्टची तयारी, आयटीआयच्या कार्यशाळेत सरावाची सोय आणि दहावीत पंचेचाळीस टक्क्यांच्या अटीला अडकणाऱ्या मुलांसाठी फेरपरीक्षेचे वर्ग हे त्यात आले पाहिजे. सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी दोन्ही जिल्ह्यांच्या समाजकल्याण कार्यालयांत तसे लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. तोंडी चर्चेचे काय होते ते आपण अनेक वर्षे पाहतो आहोत. मेळाव्याची पुढची जाहिरात निघेल तेव्हा प्रत्येक बुद्धविहारात ती मोठ्याने वाचून दाखवावी, जागांच्या एकूण आकड्यापाशी न थांबता खालच्या ट्रेडच्या तक्त्यापर्यंत वाचावी, आणि वस्तीतल्या कोणत्या मुलाने कोणत्या ट्रेडचा अर्ज भरला त्याची वही ठेवावी. लष्कर आकडे देत नसेल तर दोन जिल्ह्यांचे आकडे तरी आपल्याजवळ असू द्यावेत.